मुद्दाम चुकवलेली गणितं

"हे तुला कसं आलं?"

सरांनी माझा पहिल्या चाचणीचा पेपर दोन बोटांत धरला होता. घाण लागलेला फडका धरतात तसा. बारावी सायन्सचा वर्ग, गणिताचा तास. मी तिसऱ्या बाकावर, शेजारी पायल. मी उभी राहिले.

"पुस्तकातून, सर."

"पुस्तकातून." त्यांनी वर्गाकडं पाहिलं. वर्ग हसला. पुढच्या दोन बाकांवरची पोरं जास्त हसली. ती सरांच्या घरी शिकवणीला जायची.

"हा भाग मी अजून वर्गात शिकवलेलाच नाही. मग तुला कसा आला?"

मी परत तेच सांगितलं. पुस्तकातून.

सर फळ्यापुढच्या चौथऱ्यावरून खाली उतरले. माझ्या बाकापाशी आले. हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढं हळू.

"तुम्हा लोकांना फी नाही. हॉस्टेल फुकट. जेवण फुकट. आता पेपर पण फुकट पाहिजे का?"

तुम्हा लोकांना. मी बौद्ध मोहल्ल्यातली, सरकारी वसतिगृहात राहणारी. वर्गात आम्ही चार-पाच जण होतो. त्यांच्यातल्या कुणीच मान वर केली नाही. मला त्यांचा राग आला नाही. मीपण केली नसती.

तो प्रश्न मला आजही तोंडपाठ आहे. शून्यापासून पाय बाय टू पर्यंतचं इंटिग्रेशन. वर साइनचं वर्गमूळ, खाली साइनचं आणि कॉसचं वर्गमूळ मिळून. समोरून गेलं तर डोंगरच. पण एक वाट होती. एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स ठेवायचं. साइनचा कॉस होतो, कॉसचा साइन. किंमत तीच राहते, तोंड बदलतं. मग दोन्ही मिळवायचे. वरचं आणि खालचं सारखं होतं, कटून जातं, उरतो फक्त एक. ओळी पाच-सहा. उत्तर पाय बाय फोर.

ते मी सोडवलं तेव्हा परीक्षेत बसल्या बसल्या हसले होते. कुणी पाहिलं नसेल. गणित कटून जातं तेव्हा आतून एक गार वारा जातो. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

मी हुशार होते म्हणून पुढचं वाचत नव्हते. मागं पडत होते म्हणून वाचत होते. दहावीपर्यंत मराठी शाळा. अकरावीत आल्यावर सगळं इंग्रजीत. सर फळ्यावर लिहीत, भरभर बोलत, आणि मला त्यांचं तोंड हलताना दिसे फक्त. म्हणून हॉस्टेलातल्या एका ताईचं जुनं पुस्तक घेतलं. सकाळी आंघोळीची रांग लागायच्या आधी उठायचं आणि सर पुढं जे शिकवणार ते आधीच वाचून ठेवायचं. म्हणजे वर्गात निदान ओळखीचं तरी वाटेल. असं वाचता वाचता मी वर्गाच्या पुढं निघून गेले. माझ्या लक्षातही आलं नाही.

मग वर्गात न शिकवलेला प्रश्न परीक्षेत आलाच कसा, हे कुणी विचारलं नाही. घरच्या शिकवणीत तो झाला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. पण त्या वेळी माझ्या तोंडून ते निघालं नाही. मी बघत होते सरांच्या बोटांकडं, माझ्या पेपरकडं.

तेवढ्यात सरांची नजर पायलवर गेली.

"तुझी आई आमच्याकडं कामाला येते ना?"

पायल उठली. "हो सर."

"ज्या टेबलावर मी पेपर काढतो, त्याची धूळ तीच पुसते ना?"

सगळे वळून पायलकडं बघू लागले. हसणारेही.

"कळलं," सर म्हणाले. "दोघी अशाच उभ्या राहा. कबूल कराल तेव्हा बसा."

*

पायलची आई, म्हणजे आम्हा हॉस्टेलच्या पोरींची मावशी. ढिवर मोहल्ल्यात, मासेमारी करणाऱ्यांच्या वस्तीत, घर. नवरा नाही. सकाळ-संध्याकाळ तीन-चार घरची धुणीभांडी करायची, त्यात सरांचं घर सगळ्यात जुनं. रविवारी मी पायलकडं जायचे. मावशी सुकलेल्या मासोळीची भाजी करायची, भात वाढायची, आणि आम्ही दोघी अंगणात गणितं करत बसायचो. पायलला मॅट्रिक्स आवडायचे. रांगेतल्या रांगेत आकडे बसवणं तिला जमायचं. मला कॅल्क्युलस. ती म्हणायची, "तुयं गणित सारखं हालत राह्यते वो. माह्यं जागेवर तरी राह्यते."

त्याच दिवशी संध्याकाळी मावशीचं काम गेलं. सरांच्या बायकोनं फाटकातूनच परत पाठवलं. एवढंच असतं तर मावशीनं दुसरं घर पाहिलं असतं. पण ब्रह्मपुरी मोठं गाव नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरानंही सांगितलं, उद्यापासून येऊ नको. त्या घरात चोरी करण्यासारखा कुठला पेपर होता, देव जाणे. चोर हा शब्द एकदा चिकटला की त्याला कागद लागत नाही.

मी मावशीकडं गेले. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं, दारात पोचल्यावर सगळं विसरले. मावशी चुलीपुढं बसली होती. पायल आत होती, बाहेर आली नाही.

"मावशी, माफ करा," मी म्हटलं. "माह्याच्यानं झालं."

मावशीनं फुंकणी खाली ठेवली.

"तुनं चोरला का पेपर?"

"नाई."

"मीनं चोरला का?"

"नाई मावशी."

"मंग माफी कायची मांगून राह्यली?"

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही. मी मनात धरून चालले होते की ती घेईल. आज मला वाटतं, बरं झालं नाही घेतलं.

"तुया रडण्यानं मले काम भेटन का?" मावशी म्हणाली. "चार मान्सात त्यायनं मले चोर म्हटलं. चार मान्सात कोनी तरी म्हणाले पाहिजे का ही चोर नाई. तू म्हणशीन का? मले ना माफी नोको, ना रडणं नोको."

मी मान हलवली. हो म्हणून.

मान हलवणं सोपं असतं.

*

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी होते आणि काहीच बोलले नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही. सर आत आले की मी आणि पायल आपोआप उठायचो. हजेरी घेऊन झाली की सर एकदा आमच्याकडं बघायचे. "काही सांगायचं आहे?" आम्ही गप्प. "मग राहा." तास सुरू.

उभ्यानं मी वहीत लिहायचे. डाव्या तळहातावर वही. अक्षर वाकडं यायचं. पाय दुखायचे ते काही नाही, धानाच्या रोवण्याला दिवसभर चिखलात वाकून उभं राहायची सवय होती आम्हाला. पण तिथं सगळे वाकलेले असतात. इथं सगळे बसलेले आणि आम्ही दोघीच उभ्या. मागच्या बाकावरची पोरं म्हणायची, सर, फळा दिसत नाही. सर म्हणायचे, "त्यांना सांगा." पायल बाजूला सरकायची. भिंतीला जाऊन टेकायची.

काही दिवसांनी पायल गणिताच्या तासाला यायची बंद झाली. मग कॉलेजलाच. मी विचारायला गेले तर तिनं दारातूनच सांगितलं, "तू जाय. तुयाजवळ तरी गणित आहे."

यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते लागलं.

मग दुसरी चाचणी आली.

पेपर हातात घेतला. सगळं येत होतं. खोटं नाही सांगत, सगळंच येत होतं. मी लिहायला सुरुवात केली आणि मधेच पेन थांबलं. मनात आलं, आता पूर्ण मार्क पडले तर या वेळी सर कुणाला धरतील? हॉस्टेलात भाकऱ्या थापणाऱ्या बाईला? वॉर्डन मॅडमला? मला पुस्तक देणाऱ्या ताईला? या वेळी कुणाच्या आईचं काम जाईल?

मी गणित चुकवलं.

कॉसचं डेरिव्हेटिव्ह काढताना वजाचं चिन्ह सोडून दिलं. एवढंच. एक आडवी रेघ. तिच्यापासून खालचं सगळं चुकत गेलं आणि मी त्या चुकीच्या वाटेनं नीट, स्वच्छ अक्षरात शेवटपर्यंत चालत गेले. पुढचं गणित होतं जास्तीत जास्त क्षेत्रफळाचं. धानाची बांधी म्हणजे खाचर असतं तसा आयत, धुऱ्याची, म्हणजे भोवतीच्या बांधाची, लांबी ठरलेली, आतली जागा जास्तीत जास्त कशी होईल. बांधीतच वाढलेल्या पोरीला हे कुणी वेगळं शिकवायला नको. मी अर्ध्यात सोडलं. दुसरं डेरिव्हेटिव्ह घेऊन तपासायचं असतं, ते केलंच नाही. इंटिग्रेशनच्या शेवटी सी लिहायचा असतो, तो गाळला.

बरोबर उत्तर काढायला डोकं लागतं. खरी वाटेल अशी चूक करायलाही डोकं लागतं. नापास व्हायचं नाही, पण उठून दिसायचं नाही. मार्क कापले जावेत, पण संशय येऊ नये. मी त्यात तरबेज झाले. आधी गणित मनात पूर्ण सोडवायचं, मग कुठं मोडायचं ते ठरवायचं. प्रत्येक मोडलेल्या गणिताबरोबर मला वाटायचं, मी मावशीचं थोडंसं फेडते आहे. वेडेपणा. पण तसंच वाटायचं. बरोबर उत्तर लिहिणं हाच माझा गुन्हा, अशी माझी खात्री पटली होती.

निम्मे मार्क पडले. सरांनी पेपर देताना काही म्हटलं नाही. फक्त हसले. त्या हसण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

*

धान कापणीला मी घरी गेले. काळीपिवळी जीपमध्ये बसून वैनगंगेचा पूल ओलांडला की आमचा जिल्हा लागतो, गडचिरोली. पुढं आरमोरीच्या बाजूला आत आमचं गाव. आई बांधीत होती. मीपण विळा घेतला. कापता कापता आईनं विचारलं, "कालेज कसं चालू आहे?"

मी तिला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तिनं आणि बाबानं माझ्यासाठी काय काय सोडलं ते मला माहीत होतं. माझ्या भावानं दहावीनंतर शाळा सोडली. दोघांना बाहेर ठेवणं जमणार नव्हतं आणि तोच म्हणाला होता, हिले शिकू द्या. अशा घरात जाऊन कसं सांगायचं की तुमची पोरगी रोज वर्गात उभी असते.

पण सांगितलं. वाकलेलं असताना सांगणं सोपं जातं. तोंड दिसत नाही.

आईनं कापणं थांबवलं नाही. सगळं ऐकलं. मुठीतला धान खाली ठेवला आणि मग विचारलं, "तुनं केलं का?"

"नाई."

"मंग काऊन उभी राह्यते?"

"सर म्हणतेत म्हणून."

"सर म्हणतेत म्हणून," आई म्हणाली. पुन्हा वाकली. धान कापत पुढं गेली. मला वाटलं, संपलं. मग धुऱ्यापाशी पोचल्यावर कंबर सरळ करत म्हणाली, "माह्या सासूले पाटलाच्या आंगणात चप्पल हातात घ्या लागे. ते म्हणतेत म्हणून. मले कोनी सांगतलं नाई, मी एक दिवस घातली अना गेली. काईच झालं नाई. पाटील पायतच राह्यला. तुमाले शिकवलं ते पुन्हा चप्पल हातात घ्याले नाई."

मी तिला मुद्दाम चुकवलेल्या गणितांबद्दल नाही सांगितलं. ते सांगायची हिंमत झाली नाही. उभं राहणं दुसऱ्यानं लादलेलं होतं. ते चुकवणं माझं माझं होतं.

परत ब्रह्मपुरीला आले तर मावशीच्या दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, मायलेकी तेलंगणात गेल्या, मिरची तोडायला. टोळीबरोबर. गाडी येऊन घेऊन गेली.

"कधी येतीन?"

"उन्हाळा लागला का."

म्हणजे पायलची परीक्षा गेली. मॅट्रिक्स, डिटरमिनंट, तिच्या जागेवर राहणाऱ्या आकड्यांच्या रांगा, सगळं गेलं. मी त्या बंद दारासमोर थांबले. मला त्या मायलेकींची बोटं दिसत होती. मिरची तोडून बोटांची आग होते, डोळ्याला हात लावता येत नाही, हे आमच्याकडं लहान पोरांनाही माहीत असतं. आमच्या गावातूनही टोळ्या जातात. आणि मी काय करत होते, तर वजाची चिन्हं गाळत होते. मावशीनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. मी तिला भलतंच देत बसले होते. तिनं न मागितलेलं.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांत प्राचार्य फेरीवर निघाले. आमच्या वर्गात आले तेव्हा गणिताचा तास होता. मी उभी.

"ही मुलगी का उभी आहे?"

सरांनी सांगितलं. सगळं सांगितलं. पेपर, घरकामाची बाई, तिची मुलगी पळून गेली, ही कबूल करत नाही. मग म्हणाले, "आणि सर, पुरावा बघा ना. पहिल्या चाचणीत पैकीच्या पैकी. बाईला घरातून काढलं, तर दुसऱ्या चाचणीत निम्मे. चोरी बंद, मार्क बंद."



मला तेव्हा कळलं, पेपर देताना सर का हसले होते ते. मी ज्या चुका मावशीसाठी केल्या त्याच मावशीवर उलटल्या होत्या. माझ्या हातानं मी साक्ष दिली होती. स्वच्छ अक्षरात, समास सोडून. तिच्याविरुद्ध.

प्राचार्य चांगले होते, म्हणजे मऊ बोलायचे. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बेटा, कबूल कर आणि विषय संपव. लहान वयात होतं असं. कुणी काही करणार नाही तुला."

मला खरंच वाटलं, म्हणून टाकावं. बसायला मिळेल. बोर्डाची परीक्षा जवळ आली होती. मावशी इथं नव्हतीच ऐकायला, पायल नव्हती. एक वाक्य, की संपलं. तोंड उघडलंसुद्धा.

आणि त्या उघडलेल्या तोंडातून दुसरंच निघालं.

"सर, मावशीनं पेपर चोरला नाई. मीपण नाई. दुसऱ्या टेस्टमधल्या चुका मी जाणून केल्या. मले सगळं येत होतं."

कॉलेजात आल्यापासून मी 'मला' म्हणायला शिकले होते, 'नाही' म्हणायला शिकले होते. त्या वेळी ते सगळं गळून पडलं.

सर हसले. "जाणून केल्या."

"एक गणित द्या," मी म्हटलं. "पुस्तकातलं नोको. तुमच्या घरच्या शिकवणीतलं पण नोको. आत्ता बनवा."

'घरच्या शिकवणीतलं' हा शब्द मी बोलून गेले होते. पुढच्या दोन बाकांवरच्या माना खाली गेल्या. प्राचार्यांनी सरांकडं पाहिलं. सरांना काहीतरी देणं भाग होतं. त्यांनी खडू घेतला, थोडा विचार केला, लिहिलं. एक्सचा घन वजा तीन एक्स अधिक के, बरोबर शून्य. के कोणत्या किमतींमध्ये असेल तर याला तीन वेगवेगळी वास्तव उत्तरं येतील?

मी फळ्यापाशी गेले. खडू घेतला. पहिली ओळ वाकडी आली. मग डेरिव्हेटिव्ह घेतलं. तीन एक्सचा वर्ग वजा तीन. शून्य ठेवलं. एक्स बरोबर एक आणि वजा एक. तिथून पुढं ओळी सरळ येत गेल्या.

"मोठ्यानं सांगत सोडव," प्राचार्य म्हणाले.

मी सांगितलं. माझ्या बोलीतच. "ही रेघ चढून राह्यली, वजा एकपाशी टेकडी आहे. मंग उतरते. एकपाशी खोलगट. मंग पुन्हा चढते. टेकडी या आडव्या रेषेच्या वरतं पाहिजे अना खोलगट खालतं पाहिजे. तवाच ते तीनदा कापीन. टेकडीची उंची के अधिक दोन. खोलगटाची के वजा दोन. पहिली शून्याहून मोठी, दुसरी शून्याहून लहान. म्हणून के वजा दोन अना दोनच्या मधात."

वजाचं चिन्ह मी जागच्या जागी लिहिलं. ठळक.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. अशा गोष्टीत टाळ्या वाजतात असं ऐकलं आहे. आमच्या वर्गात पंख्याचा आवाज येत होता. प्राचार्यांनी फळ्याकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "बरोबर आहे. पण याचा त्या पेपरशी काय संबंध?"

"ठीक आहे, ठीक आहे," प्राचार्य म्हणाले. "बस, बेटा. झालं गेलं सोडून द्या दोघांनी."

"मावशीचं काय, सर?"

"कोण मावशी?" प्राचार्यांनी विचारलं. खरंच विचारलं. त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी आत्ताच तिला चोर म्हटलेलं ऐकलं होतं आणि ती कोण ते त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

ते निघून गेले. मी बसले. बाक गार होता. मला बसण्याचं सुख वाटलं नाही. मावशी म्हणाली होती तसं चार माणसांत मी बोलले होते, पण ती तिकडं मिरचीच्या शेतात होती आणि तिच्या मोहल्ल्यातलं एकही माणूस त्या वर्गात नव्हतं. ज्या दिवशी मान हलवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बोलले असते, तर कदाचित पायल माझ्या शेजारी बसलेली असती.

*

सरांनी गणिताच्या प्रात्यक्षिकात माझे मार्क कापले. तेवढं त्यांच्या हातात होतं. लेखी पेपर त्यांच्या हातात नव्हता. बोर्डाच्या परीक्षेत मी एकही गणित सोडलं नाही. सी लिहिला. चिन्हं लिहिली. दुसरं डेरिव्हेटिव्ह तपासलं. प्रत्येक ओळ अशी लिहिली की वाचणाऱ्याला शंका घ्यायला जागा राहू नये.

निकाल लागला. गणितात मी कॉलेजात पहिली आले. प्रात्यक्षिकाचे कापूनसुद्धा.

दोन दिवसांनी फोन आला. मी गावी होते, सडा टाकत होते. सरांचा आवाज ओळखायला वेळ लागला, कारण त्यात साखर होती.

"अभिनंदन बेटा. आम्हाला खात्रीच होती. एक फोटो पाठव, पासपोर्ट साइज चालेल. चौकात फ्लेक्स लावायचा आहे. तू मध्यभागी. खाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव आणि कॉलेजचं."

मी बादली खाली ठेवली. आई दारात उभी राहून बघत होती.

"सर, मावशी परत आली आहे," मी म्हटलं. "मी परवा जाऊन आली. पायल कॉलेजला येणार नाई म्हणते. तुमी मावशीच्या घरी जा. मोहल्ल्यातले लोक असतीन तवा जा. सांगा का माह्यी चूक झाली, हिनं चोरी केली नाई. मंग फोटो देईन."

सर हसले. मोठ्या माणसानं लहान मुलाला हसावं तसं.

"अगं, किती जुनी गोष्ट. तू एवढी पुढं गेलीस आणि अजून तिथंच आहेस का?"

"हो सर," मी म्हटलं. "तिथंच आहो."

त्यांनी फोन ठेवला. फ्लेक्स लागला. मधला फोटो दुसऱ्या पोराचा. बाबांना वाईट वाटलं, ते म्हणाले, लोकायनं पाह्यलं असतं तुले. आई सारवत राहिली.

आता मी नागपुरात गणितातच पुढचं शिकते. मावशीकडं जाते. ती भात वाढते. पायल कधी बोलते, कधी उठून आत जाते. त्यांनी मला माफ केलं की नाही, मी विचारत नाही. तो प्रश्न विचारणंसुद्धा पुन्हा त्यांच्याकडं काहीतरी मागणंच आहे. माझ्या छातीत जे टोचतं ते टोचू दे. ते मला चालतं ठेवतं.

सर अजून शिकवतात. दरवर्षी फोन येतो, कधी त्यांचा, कधी कॉलेजचा. माजी विद्यार्थिनी म्हणून या, दोन शब्द बोला, सत्कार आहे. मी दरवर्षी तेच सांगते. आधी ढिवर मोहल्ला, मग सत्कार. ते म्हणतात, तुझी जिद्द समजते पण व्यवहार बघ. मी बघते. ते जाणार नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे की मी येणार नाही.

सर ढिवर मोहल्ल्यात गेल्याशिवाय माझं नाव त्यांच्या कुठल्याच भिंतीवर लागणार नाही. शाल नको, नारळ नको, हार नको. आणि ज्या दिवशी बोलवायचे थांबतील, त्या दिवशी न बोलावता जाईन, आणि भर सभेत मावशीचं नाव घेईन.